८,००० व्होल्टचं कुंपण मारत नाही, २३० व्होल्टची तार मारते

मका आणि भुईमूग भरात आले की त्या बातम्या सुरू होतात. रानडुकरांसाठी बांधाने तार ओढली, आकडा टाकून तिच्यात करंट सोडला, पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस तिथंच गेला. कधी शेजारी, कधी सख्खा भाऊ, कधी तार लावणारा स्वतःच. विदर्भात असल्या तारांना शिवून वाघही गेले आहेत.

या बातम्या पाठ असलेल्या आमच्या गावात मी पडीक रानाभोवती पांढरी पट्टी ओढून तिला विजेचे झटके देणारं मशीन जोडलं. आत एक मारवाडी घोडी आणि एक डोंगरी तट्टू. शेजारच्या मळ्यातले तात्या बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "आरं, करंट सोडलास व्हय? एखादं पोरगं चिकटलं म्हंजी?"

तात्यांची धास्ती रास्त होती. आणि विजेच्या कुंपणाबद्दल कळून घ्यायचं जे काही आहे, ते बरंचसं त्यांच्या त्या एका शब्दात आहे: चिकटणं.

माणूस तारेला चिकटतो म्हणजे काय होतं?

घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरत अखंड वाहते. तार हातात आली की हाताचे स्नायू आकसतात. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात, त्यामुळे हात तार सोडायच्या ऐवजी आवळून धरतो. एवढं व्हायला साधारण १० ते १५ मिलिअँपिअर पुरतात. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. आता ओला हात, अनवाणी पाय आणि खाली चिखल असा हिशोब धरा. शरीराचा अडथळा १,००० ओहमच्या आसपास येतो, २३० ला १,००० नी भागलं की ०.२३ अँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याच्या चौथाईइतका प्रवाहही बास होतो, फक्त तो सेकंदभर टिकायला हवा. आणि चिकटलेल्या माणसात तो टिकतोच.

यात एक क्रूर विनोद आहे. घरातला फ्यूज ५ अँपिअरला उडतो. ०.२३ अँपिअर म्हणजे त्याच्या लेखी एखादा जुना बल्ब लागल्यासारखं. माणूस जातो आणि फ्यूज ढिम्म असतो. गळती ओळखून बंद पडणारा ब्रेकर वेगळा असतो, पण आकडा टाकलेल्या तारेवर तो कुठून असणार?

मग मशीन काय वेगळं करतं?

शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात, त्याच्या आत विजेचा एक छोटा हौद असतो. त्याला कपॅसिटर म्हणतात. हा हौद बॅटरीवर हळूहळू भरतो, भरला की एका दमात कुंपणात रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. टक्... टक्... टक्... साधारण सेकंदाला एक. हा रिकामा व्हायचा वेळ फार म्हणजे फारच थोडा. सेकंदाचे दहा हजार तुकडे केले तर त्यातले दोन-तीन. बाकीचा सगळा वेळ कुंपण मेलेलं असतं.

म्हणून इथं कोणी चिकटत नाही. स्नायू दचकतात आणि पुढच्याच क्षणी मोकळे होतात. हात मागे घ्यायला जवळजवळ अख्खा सेकंद मिळतो.

मग ८,००० व्होल्टचं काय? व्होल्ट म्हणजे दाब. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. पण टाकीत पाणी किती आहे हे तिच्या उंचीवरून कळत नाही. घरची लाइन म्हणजे भरून वाहणारा कालवा, आणि कुंपण म्हणजे दहा मजल्यांवरून टाकलेलं वाटीभर पाणी. डोक्यात बसलं तर दचकायला होईल, वाहून कोणी जाणार नाही. हिवाळ्यात नायलॉनचा स्वेटर काढताना जो चट् चट् आवाज येतो, ते काही हजार व्होल्ट असतात. आपण नुसतं 'ओय' म्हणतो.

दाब जास्त का लागतो, तर कोरडी कातडी, दाट केस आणि वाळलेलं खूर यांतून वाट काढायला. कमी दाबाची ठिणगी केसातच अडते.

झटक्याची खरी ताकद ज्यूलमध्ये मोजतात. १०० ग्रॅमचा बटाटा जमिनीवरून एक मीटर उचलायला लागते ती ऊर्जा म्हणजे साधारण १ ज्यूल. विजेच्या कुंपणाच्या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-७६. त्यातल्या अटी थोडक्यात अशा: दोन झटक्यांमध्ये किमान १ सेकंदाचं अंतर, एक झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नको, आणि ५०० ओहमच्या अडथळ्यातून जाणारी ऊर्जा ५ ज्यूलच्या आत. दोन घोड्यांच्या एकरभर कुरणाला १ ज्यूलचं मशीन भरपूर होतं. दुकानदार खोक्यावरचे '१२,००० व्होल्ट' बोटाने दाखवतो, तेव्हा त्याला ज्यूल किती ते विचारा आणि मानकाचा शिक्का शोधा. गल्लीत जुळवलेलं मशीन टकटक करायच्या ऐवजी सलग गुणगुणत असेल तर ते फुकट दिलं तरी घेऊ नका.

थेट लाइनची तार आणि हे मशीन कायद्यालाही सारखे नाहीत. आकडा टाकणं ही वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी, आणि त्या तारेने माणूस गेला तर पोलीस सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावतात.

परतीचा रस्ता

तारेवर कोतवाल पक्षी निवांत बसतो, हे आपण रोज बघतो. वीज त्याच्यापर्यंत पोचते, पण पुढे जायला वाट नसते. कुंपणाचंही तसंच आहे. मशीनमधून निघालेली वीज पट्टीतून जाते, घोड्याच्या नाकातून पायात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून पुन्हा मशीनच्या दुसऱ्या टोकाला. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका. जमिनीला जोडलेलं ते दुसरं टोक म्हणजे अर्थिंग. माझ्या अनुभवात 'मशीन बेकार निघालं' म्हणणाऱ्या दहांतल्या आठ जणांचं मशीन उत्तम असतं. अर्थिंग बेकार असतं.

मीही त्या आठांतलाच. पहिल्या एप्रिलमध्ये मशीनवरचा आकडा ६,००० दाखवत होता आणि तट्टू खुशाल पट्टीला मान घासत होतं. मी मशीन परत करायला निघालो. मग लक्षात आलं की मी अर्थिंग म्हणून हातभर लांबीची एकच सळई मुरमात ठोकली होती, आणि एप्रिलमधला आमच्याकडचा मुरूम म्हणजे भाजलेली वीट. त्यातून वीज परत येणार कशी? एसटी जायला गाडी सोडते पण परतीची गाडीच नाही, म्हटल्यावर प्रवासी निघतच नाही, तसं.

काय करायचं ते एकदा नीट सांगतो. एक मीटर लांबीच्या तीन तरी गॅल्व्हनाइज्ड सळया घ्या. एकमेकींपासून सुमारे तीन मीटरवर पूर्ण ठोका आणि एकाच अखंड तारेने, क्लॅम्पने आवळून, मशीनच्या अर्थला जोडा. जागा निवडताना कुरणाचा विचार करू नका, ओलाव्याचा करा. मोरीचं पाणी जिथं केळीच्या आळ्यात जातं, ती जागा सोन्यासारखी. घराचं किंवा मोटारीचं अर्थिंग मात्र वापरायचं नाही आणि त्याच्यापासून १० मीटर तरी लांब राहायचं. नाहीतर कुंपणाचे झटके घरातल्या नळाला आणि टीव्हीला जाणवायला लागतात.

अर्थिंग पुरेसं आहे का हे तपासायची एक रीत आहे. मशीनपासून १०० मीटरवर पट्टीला लोखंडी गज टेकवून तो जमिनीत खुपसा, म्हणजे मुद्दाम गळती करा. कुंपणाचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला की कुंपणाच्या टेस्टरने अर्थच्या सळईवर मोजा. तिथं २००-३०० पेक्षा जास्त दिसलं तर परतीची वीज सळईपाशी तुंबते आहे. आणखी एक सळई ठोका, पुन्हा मोजा. घरी वापरतो तो स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर इथं चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि ज्यांच्याकडे नुसता कातळ आहे त्यांनी? त्यांनी जमिनीचा नादच सोडावा. दोन पट्ट्यांपैकी वरची जिवंत ठेवायची आणि खालची अर्थला जोडायची. घोड्याचा स्पर्श दोन्हींना झाला की फेरा पूर्ण. भर उन्हाळ्यात मी आता हेच करतो.

घोड्यासाठी कुंपण वेगळं का?

कुंपणात वीज ही कल्पना रुजवण्यात एका घोड्याचा मोठा हात आहे. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल गॅलघर नावाच्या शेतकऱ्याचा 'जो' नावाचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासायचा. गॅलघरने गाडीला अशी जोडणी केली की घोड्याने गाडी हलवली की त्याला चटका बसावा. घोडा सुधारला, आणि पुढे त्या माणसाच्या नावाची कंपनी जगभर कुंपणाची मशीनं विकू लागली.

गाय-म्हैस कुंपणापाशी येते, वास घेते, जीभ लावते, आणि मग विचार करते. घोडा आधी पळतो. पतंगाची शेपटी फडफडली, ट्रॅक्टरच्या नळीतून फटाक्यासारखा आवाज झाला, की चारशे किलोचं जनावर डोळ्यांसमोर जे येईल त्याच्या दिशेने सुटतं. म्हणून घोड्याच्या कुंपणाला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: लांबून दिसणं, आणि वेळ आली तर तुटणं.

दिसण्याचं आधी. घोडा निळा आणि पिवळा रंग ओळखतो, लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक त्याला फारसा कळत नाही. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचा केशरी रंग बदलून पांढरा करण्यात आला, तो एक्सेटर विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासानंतर. म्हणजे आपण हौसेने बांधलेली भगवी नायलॉनची दोरी घोड्याच्या लेखी गवतातच मिसळलेली असते. पांढरी रुंद पट्टी घ्यावी, ४० मिलिमीटरची. आमच्यासारख्या वाऱ्याच्या पठारावर पट्टी फडफडून फाटते, तिथं ६ मिलिमीटरचा पांढरा दोर बरा. पट्टी असो की दोर, आत विजेसाठी बारीक धातूचे तंतू विणलेले असतात. गाठ मारलीत तर गाठीत ठिणग्या उडून ते तंतू जळतात, म्हणून जोड क्लिपनेच द्यावा.

आता तुटण्याचं. अडीच मिलिमीटरची ताणलेली पोलादी तार घोड्याला दिसत नाही आणि अंगावर आली तरी तुटत नाही. पाय अडकला की कातडी मोज्यासारखी सोलून निघते. मी ते एकदा पाहिलं आहे, पुन्हा वर्णन करणार नाही. काटेरी तारेत करंट तर कधीच सोडायचा नाही. झटका बसल्यावर मागे सरायच्या ऐवजी जनावर काट्यांत अडकतं आणि सेकंदा-सेकंदाला मार खात राहतं. मानकातही काटेरी तारेला मशीन जोडायला स्पष्ट मनाई आहे. बांधावर जुनी काटेरी तार असेल तर तिच्या आत दोन-तीन हात सोडून पट्टी ओढा.

उंची, खांब आणि फाटक

मारवाडी घोडा खांद्यापाशी साधारण दीड मीटर भरतो. वरची पट्टी १.२ ते १.३ मीटरवर, खालची ६० सेंटिमीटरच्या आसपास. तट्टासाठी खालची पट्टी महत्त्वाची, कारण ते वाकून पलीकडचं गवत ओढण्यात पटाईत. शिंगरू असेल तर तीन पट्ट्या. ३० सेंटिमीटरच्या खाली मात्र काही बांधू नका, गवत टेकतं.

परदेशी चित्रांत पायाने दाबून रोवायचे प्लॅस्टिकचे खांब दिसतात. ते आपल्या वाळलेल्या काळ्या रानात किंवा मुरमात जात नाहीत, मोडतात. लोखंडी अँगल चालतो, पण प्रत्येक ठिकाणी वीज खांबात जाऊ न देणारा चांगला इन्सुलेटर हवा आणि वरच्या टोकाला टोपी हवी, नाहीतर बिथरलेल्या घोड्याच्या पोटाला तोच भाला. ओला बांबू वीज गळवतो.

फाटकापाशी लोक हमखास चुकतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना वीज न्यायला मी जमिनीखालून घरात वापरतो ती वायर नेली होती. चांगली जाड, ब्रँडेड. पहिल्या पावसात रात्री फाटकापाशी जमिनीतून टक् टक् ऐकू यायला लागलं. बायकोला वाटलं रातकिडा. घरगुती वायरचं आवरण १,१०० व्होल्टपर्यंतचं असतं, आणि आपण तिच्यातून ८,००० पाठवत होतो. कुंपणासाठी दुहेरी आवरणाची वेगळी केबल मिळते, तीच पाइपमधून न्यावी. फाटकाची मूठही अशा बाजूला जोडावी की आपण ती काढली की हातातलं टोक मेलेलं असेल. उलटी जोडली तर जिवंत पट्टी हातात घेऊन घोडी बाहेर काढायची कसरत होते.

पहिली ओळख

पट्टी तीनशे रुपयांच्या नायलॉनपेक्षा मजबूत नसते. घोडा ठरवेल तेव्हा ती तोडून जाईल. त्याला अडवते ती आठवण. म्हणून ओळख नीट करून द्यावी लागते. दिवसाउजेडी, घोडा चरून शांत असताना, ओळखीच्या छोट्या जागेत सोडा. शक्य तर मागे दगडी गडगा किंवा भिंत असू द्या, म्हणजे पहिल्या झटक्याला तो पुढे घुसला तरी गावभर जाणार नाही. स्वतः हाताला धरून नाक लावायला नेऊ नका. झटका कुंपणाने दिला असं त्याला वाटलं पाहिजे, तुम्ही दिला असं वाटलं तर लगाम घालताना त्रास होईल. माझी घोडी एकदाच शिवली, फुरफुरत वीस पावलं मागे गेली, आणि पुढचा आठवडाभर पट्टीकडे पाठ करून चरली. तट्टाने तीन वेळा खात्री करून घेतली.

"मुक्या जनावराला असा चटका देणं बरं का?"

हा प्रश्न आईने विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. झटका दुखतो. मी स्वतः हात लावून पाहिला आहे, कोपरापर्यंत कोणी काठी मारल्यासारखं वाटतं आणि लगेच सरतं. दुसऱ्या बाजूला दावणीला दिवसभर पुढचे-मागचे पाय बांधलेला घोडा आहे, घोट्याला दोरीचे वण पडलेला. दोन-तीन चटक्यांच्या बदल्यात एकर मोकळं रान, हा सौदा मला जनावराच्या बाजूचा वाटतो. पण जागा इतकी अरुंद असेल की दांडगा घोडा गरीब घोड्याला कोपऱ्यात पट्टीवर दाबतो, तर कुंपण छळच आहे. कोपरे गोलसर ठेवा.

"आणि पोरगं शिवलं तर?"

तात्यांचा मूळ प्रश्न. पोरगं रडेल आणि पळेल, चिकटणार नाही. तरीही 'काही होत नाही' असं मी म्हणत नाही. डोकं, मान किंवा छातीला झटका बसणं वाईट, म्हणून पट्टीखालून रांगत जायचं नाही हे पोरांना दाखवून सांगावं. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी लांबच राहावं. वाटेच्या कडेला पिवळ्यावर काळ्या अक्षरांची पाटी ठळक दिसेल अशी हवी, किमान १० बाय २० सेंटिमीटरची. शेजाऱ्याचंही असंच कुंपण असेल तर दोन मशीनच्या तारांत अडीच मीटर अंतर राखावं, कारण दोन्हींना एकदम शिवलं की सेकंदाची सुटका उरत नाही. वरून महावितरणची लाइन जात असेल तर तिच्याखालून कुंपण समांतर नेऊ नये. लाइन तुटून पट्टीवर पडली तर मशीन कुठलंही असो, ते आकड्याचंच कुंपण झालं.

बिबट्याचं काय, हेही विचारलं जातं. दोन पट्ट्यांचं कुंपण बिबट्याला थोपवत नाही. शिंगरू असेल तर रात्री पागा, आणि पागेला दार.

पावसाळा

जूनपर्यंत अर्थिंगची चिंता, जूननंतर गवताची. गाजरगवत पंधरा दिवसांत खालच्या पट्टीला टेकतं आणि प्रत्येक ओलं पान थोडी थोडी वीज जमिनीत नेतं. घोड्यापर्यंत किमान ३,००० व्होल्ट पोचायला हवेत. माझ्याकडे ऑगस्टमध्ये ते २,००० वर आले की विळा घेऊन निघायचं. वळवाच्या विजा सुरू झाल्या की मशीन कुंपणापासून सोडवून ठेवतो. सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून असतं, ढगाळ आठवड्यात बॅटरी घरी आणून चार्ज करतो. मशीन तसं ५ वॉट खातं, महिन्याला चार युनिटही नाहीत.

परवा बॅटरी घरी असताना दोन दिवस पट्टीत काहीच नव्हतं. घोडी हातभर अंतर ठेवून चरत राहिली. तट्टू मात्र मशीनच्या खांबापाशी कान टवकारून उभं होतं. टक् टक् ऐकू येत नाही म्हटल्यावर ते तात्यांच्या मक्यात गेलं. मक्याचे पैसे मी दिले. तात्या म्हणाले, "करंट चालू ठेव की लेका."